विहिरीत उतरलेलं शेत

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक उपद्रव असलेल्या 15 जिल्ह्यांची यादी आहे. त्यातले सात जिल्हे एकट्या महाराष्ट्राचे आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड. या सात नावांइतकीच यादीत न आलेली नावंही लक्षात घ्यायला हवीत. कोल्हापूर त्यात नाही, सांगली नाही, सोलापूर नाही. हे उसाचे जिल्हे. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे आणि कितीतरी शेतकरी त्याच्याही वर जातात. वऱ्हाडातल्या कोरडवाहू पऱ्हाटीचा किंवा सोयाबीनचा डोस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शेतात टाकलेलं खत पाण्यात उतरतं एवढंच सूत्र खरं असतं, तर ही यादी उलटी दिसायला हवी होती.

प्रस्तुत लेखसंग्रह या कोड्यातून निघाला. ‘शेतीमुळे पाणी दूषित होतं’ हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. पण कोणतं शेत, कोणतं पाणी, कोणत्या महिन्यात, असं विचारलं की बोलणाऱ्याची गाडी अडते. मातीचा नमुना कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत जातो, विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, नदीचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि आजारी मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात. चारही ठिकाणी नोंदी होतात, आणि आपापल्या जागी त्या बरोबरही असतात. पण पावसाचं पाणी ज्या वाटेने बांधावरून विहिरीत आणि विहिरीतून घरातल्या हंड्यात येतं, ती वाट कुठल्याच रजिस्टरात सलग सापडत नाही. ती सलग मांडून पाहावी, एवढाच या लेखकांचा आग्रह आहे. त्यासाठी भूशास्त्र, मृदाशास्त्र, वैद्यक, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या विषयांच्या अभ्यासकांनी आपापले लेख आणून एकत्र बांधले, तर ते पुरेसं नाही, हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं. एकाच पाणलोटात, एकाच पावसाळ्यात, एकाच विहिरीबद्दल सगळ्यांनी बोलायचं, अशी अट घातली आणि मग लिहायला बसलो.

खडकापासून सुरुवात करू. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टवर बसला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. विहीर खोदणारी माणसं या थरांचं वर्णन अचूक करतात : वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींत. गंगेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत आणि त्यात पाण्याचा साठाही अफाट आहे. इथला साठा उथळ आणि तोकडा. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ भरते आणि मार्चमध्ये तळ दिसू लागतो. अशा साठ्यात थोडं नत्र उतरलं तरी ते जड होतं, कारण ते विरळ करायला पुरेसं पाणीच नसतं. कृष्णाकाठची गोष्ट निराळी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तिथे पाटातून आणि उपसा योजनांतून वर्षभर शेतात फिरतो. नायट्रेट त्यात विरतं, ओढ्यानाल्यांतून नदीला मिळतं. आणि जिथे पाणी तुंबून जमिनी चोपण झाल्या आहेत तिथे प्राणवायूअभावी जिवाणू त्याचे वायू करून हवेत सोडून देतात. त्या वायूंतला एक, नायट्रस ऑक्साइड, तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट हातभार लावणारा आहे. तेव्हा विहिरीतला आकडा कमी आला म्हणून त्या भागातली शेती निर्दोष ठरत नाही. तिचा हिशेब विहिरीऐवजी पंचगंगेत, कृष्णेत आणि हवेत मांडावा लागेल. केवळ विहिरींची यादी करणाऱ्याला तो दिसणार नाही, केवळ नदी मोजणाऱ्याला वर्धा-यवतमाळ दिसणार नाहीत.

मृदाशास्त्रज्ञाचं म्हणणं याच्या थोडं वर, मातीत सुरू होतं. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते; काठीच काय, कोपरापर्यंत हात जाईल इतक्या खोल भेगा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस या भेगांतून सरळ खाली जातो. वर साचलेलं शेण, पालापाचोळा, मागच्या हंगामातलं उरलेलं खत, सगळं मुळांचा थर ओलांडून खाली उतरतं. आठ-पंधरा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी मुरू द्यायचं नाकारून वरून वाहू देते. जूनमध्ये जे शेत विहिरीला दूषित करतं तेच ऑगस्टमध्ये नाल्याला करतं. त्यातच आणखी एक गोष्ट घडते. खडखडीत वाळलेली माती पहिल्यांदा भिजली की तिच्यातले जिवाणू झपाट्याने कामाला लागतात आणि सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं नत्र एकदम मोकळं होतं. एच. एफ. बर्च यांनी 1950 च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. शास्त्रज्ञ आजही त्याला बर्च परिणाम म्हणतात. म्हणजे युरियाचं एकही पोतं न फोडता जूनमध्ये नायट्रेटची लाट उठते, आणि नेमकं त्या वेळी शेतात तिला शोषून घेणारं मूळ नसतं.

इथे मला धूळपेरणी आठवते. पाऊस येण्याच्या आधी कोरड्या रानात बी टाकायचं, ही खानदेश-वऱ्हाडातली जुनी रीत. जोखीम मोठी. पाऊस लांबला तर बियाण्याचे पैसे मातीत जातात. पण साधली तर पीक जोमात येतं, असं शेतकरी सांगतात. पहिल्या दिवसापासून ओल मिळते हे त्याचं सरळ कारण आहे. मातीतून मोकळं झालेलं ते नत्र उगवत्या मुळांच्या हाती लागतं, हे दुसरं कारण असावं असं मला वाटतं. तसं असेल तर धूळपेरणीत पाण्याच्या रक्षणाचाही एक धागा आहे. पण पेरणीची चर्चा कृषी विद्यापीठात होते आणि नायट्रेटची जलपरिषदेत, त्यामुळे या दोन गोष्टी शेजारी मांडून कोणी मोजल्याचं क्वचितच दिसतं. अशा मोजणीसाठी फार मोठा खर्चही नको : शेजारशेजारची दोन रानं, एक धूळपेरणीचं आणि एक पावसानंतर पेरलेलं, आणि जूनभर दर आठवड्याला मातीचे आणि पाण्याचे नमुने.

खडक आणि माती यांच्यानंतर तिसरी साक्ष येते, आणि ती शेताकडे बोट दाखवतच नाही. ती गावाकडे दाखवते. विहिरीपासून वीस पावलांवर उकिरडा, त्याच्या अलीकडे गोठा, पलीकडे सांडपाण्याचं डबकं, आणि गेल्या दहा वर्षांत घरोघरी झालेल्या शौचालयांचे शोषखड्डे. या सगळ्यांतून झिरपणारं नत्रही मुरमात उतरून नायट्रेटच होतं, आणि विहिरीत पोचल्यावर दोन्ही नायट्रेट दिसायला सारखेच. त्यांना वेगळं करण्याची एक युक्ती भौतिकशास्त्राने दिली. नत्राच्या अणूंत बहुतेक सगळे 14 वजनाचे, अगदी थोडे 15 चे. युरिया हवेतल्या नत्रापासून बनतो, त्यामुळे त्यातलं जड-हलक्याचं प्रमाण हवेच्या जवळचं असतं. शेणातून आणि मैल्यातून अमोनियाचा वायू उडून जातो तेव्हा हलका अणू आधी निसटतो, जड मागे राहतो. म्हणून विहिरीतल्या नायट्रेटमधलं हे प्रमाण मोजलं की त्याच्या उगमाचा बराचसा अंदाज येतो. सोबत प्राणवायूच्या अणूंचं मोजमाप केलं की तो अंदाज आणखी पक्का होतो. पण शेण आणि माणसाचा मैला या पद्धतीने वेगळे होत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात, उदाहरणार्थ माणसांच्या औषधांचे अंश. आणि शेणामुळे आहे असं ठरलं, तरी उकिरडा विहिरीपाशीच का, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. घराला लागून दुसरी जागा नाही, शेत दोन किलोमीटरवर, बैलगाडी गेली, ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही म्हणून शेणखत वर्षातून एकदाच उचललं जातं : हे कळायला गावात जाऊन माणसांशी बोलावं लागतं.

वर्ध्याकडच्या एका गावात मी बायकांना पाण्याची तपासणी करताना पाहिलं. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव महिलांना संच वापरायला शिकवलं आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर काचेच्या नळ्या मांडल्या होत्या. खुणेपर्यंत पाणी, त्यात पुडीतली भुकटी, झाकण लावून हलवायचं, मग थांबायचं. पाणी आधी फिकट गुलाबी झालं, मग गडद, आणि रंगांच्या कार्डावरच्या 45 च्या खान्याच्या पुढे गेलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि त्यात कसलीही सवलत नाही. शेजारच्या विहिरीची नळी जवळपास पांढरीच राहिली. बायकांना आश्चर्य वाटलं नाही. पहिल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्यांना सासूच्या काळापासून ठाऊक होतं. आता डाळ न शिजणं हे पाण्याच्या कठीणपणाचं लक्षण. नायट्रेटला ना चव, ना रंग, ना वास. पण ज्या विहिरीत गावातलं झिरपलेलं पाणी येतं तिथे क्लोराइड, कठीणपणा आणि नायट्रेट बहुधा एकत्रच वाढतात. भूजल कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला सरकतं याचा कच्चा नकाशा त्या बायकांच्या स्वयंपाकघरात आधीपासून होता. पाणी तपासतात बाया, पाणी भरतात बाया, विदर्भात पऱ्हाटीला हाताने खत घालतात त्याही बहुतेक बायाच. पण सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून खतव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला बोलावणं पुरुषाला जातं. तपासणारी आणि खत घालणारी व्यक्ती एकच असूनही तिला या दोन गोष्टी जोडून सांगणारं कोणी नाही. या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा लेख याच प्रश्नावर आहे.

खत घालण्याचा निर्णय कसा होतो, हे अर्थशास्त्राकडून समजून घ्यायला हवं. 2010 मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाचं धोरण आलं, त्यात स्फुरद आणि पालाशच्या किमती मोकळ्या केल्या. युरिया मात्र बाहेर ठेवला. आज 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं आणि 50 किलोचं डीएपीचं 1,350 ला. युरियात 46 टक्के नत्र असतं. म्हणजे शेतकऱ्याला किलोभर नत्र 13 रुपयांच्या आत पडतं. त्याने पिकाला तीन-चार दिवसांत काळोखी येते, डोळ्यांना दिसते. स्फुरद-पालाशचा परिणाम असा दिसत नाही. शास्त्र सांगतं, नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या. पण प्रत्येक हप्त्याला मजूर लागतो, आणि पोत्याची किंमत जवळपास एका बाईच्या दिवसाच्या मजुरीइतकीच. म्हणून हप्ते वाचवून एकदाच जास्त टाकणं हा हिशेबाने घेतलेला निर्णय असतो. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी मजुरीचे दर विचारावेत. शिवाय युरियाला ओल हवी, म्हणून तो पावसाच्या तोंडावर टाकला जातो. पाऊस अपेक्षेपेक्षा जोरात आला की त्यातला मोठा वाटा नाल्याला. मक्त्याने शेत करणाऱ्याचं गणित तर आणखी वेगळं आहे. शेणखताचा फायदा तीन वर्षं पुरतो आणि मक्त्याचा करार एका वर्षाचा असतो. तो शेणखत का घालेल?

आणि वीज. पाण्याच्या गुणवत्तेवरच्या पुस्तकात विजेच्या वेळापत्रकावर लेख कशाला, असं काही मित्रांनी विचारलं. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज मिळते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला अंधारात, साप-विंचवाच्या भीतीने कोण बारे देत बसणार? मोटारीला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज आली की मोटार सुरू, वीज जाईपर्यंत पाणी एकाच वाफ्यात. दोन दिवसांपूर्वी टाकलेला युरिया अशा रात्री मुळांखाली धुऊन जातो. ठिबक असेल तर गोष्ट वेगळी, पण सगळीकडे ठिबक नाही. आता सौर वाहिन्यांमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे, तिचा पाण्याच्या नमुन्यांवर काय परिणाम होतो हे येत्या काही वर्षांत पाहता येईल. उपसा वाढेल की पाणी देणं नेमकं होईल, दोन्ही शक्यता उघड्या आहेत. त्या तपासायला वीज कंपनीची फीडरनिहाय नोंद आणि भूजलाची नोंद शेजारी ठेवावी लागेल.

वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात हे सगळे धागे एका ठिकाणी येतात. तिथे भूजलाचा उपसा इतका आहे की विहिरीतलं आणि बोअरचं पाणी बागेत, बागेतून मुरून पुन्हा त्याच साठ्यात, अशी फेरी चालू राहते. दर फेरीत शुद्ध पाणी बाष्प होऊन उडतं, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. आता एक साधा हिशेब करून पाहू. विहिरीच्या पाण्यात लिटरला 90 मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे मानकाच्या दुप्पट. त्यात नुसतं नत्र सुमारे 20 मिलिग्रॅम. हेक्टरभर रानाला 10 सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली की 10 लाख लिटर पाणी झालं. म्हणजे त्या एका पाळीतून 20 किलो नत्र जमिनीला मिळालं. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र असतं 20.7 किलो. म्हणजे दर पाळीला जवळपास एक पोतं युरिया त्या विहिरीतून फुकट येतो आहे, आणि शेतकरी तो मोजत नाही, कारण त्याच्या हातातली माती परीक्षणाची पत्रिका पाण्याबद्दल काहीच बोलत नाही. पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीत, मातीचा अहवाल शेतकऱ्याच्या फायलीत. दोन्ही कागद एकाच वेळी कृषी सहायकाच्या हाती आले, तर त्याला खताची शिफारस तिथल्या तिथे कमी करता येईल. शेतकऱ्याचे पैसे वाचतील आणि पिकाची मुळं दूषित पाण्यातलं नत्र थोडंथोडं उपसून काढतील. या पुस्तकासाठी झालेल्या सगळ्या चर्चांतून मला ही एक गोष्ट उद्यापासून करण्यासारखी वाटली, आणि ती एकट्या मृदाशास्त्रज्ञाला किंवा एकट्या भूजलतज्ज्ञाला सुचणं अवघड होतं.

डॉक्टरांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे सविस्तर लेख आहे. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यावर दूध कालवून दिलेली तान्ही बाळं निळी का पडतात हे दाखवून दिलं : नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. आजची मानकं मुख्यतः याच आजारावर बेतलेली आहेत. आपल्याकडे बहुतेक बाळं अंगावर पितात, त्यामुळे हा आजार क्वचितच ओळखला जातो आणि प्रश्नच नाही असा समज होतो. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका अभ्यासात 27 लाख प्रौढांच्या राहत्या पत्त्यांवरचं पिण्याचं पाणी आणि कर्करोगाच्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपासच्या नायट्रेटपासूनच वाढलेला दिसला. यातून कारण सिद्ध झालं असं नाही, पण मानकाच्या कितीतरी खालची ही पातळी विचार करायला लावते. हा अभ्यास त्या देशाला करता आला, कारण पाण्याची नोंद, पत्त्याची नोंद आणि आजाराची नोंद तिथे एकमेकींना जोडता येते. आणि एक गोष्ट इथेच सांगतो, कारण गावोगाव गैरसमज आहे : पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. विहिरीत टीसीएलची जंतुनाशक भुकटी टाकूनही ते जात नाही.

याच डेन्मार्कमध्ये 1986 च्या ऑक्टोबरात कॅटेगाट समुद्रातून कोळ्यांच्या जाळ्यात मेलेल्या लॉब्स्टरांचा ढीग आला आणि तो टीव्हीवर घरोघर दिसला. शेतांतून वाहून आलेल्या नत्रामुळे शेवाळ माजून पाण्यातला प्राणवायू संपला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने जलयोजना मंजूर केली. प्रत्येक शेताला खताचा हिशेब ठेवणं भाग पडलं, आणि सुमारे दोन दशकांत शेतांतून झिरपणारं नत्र जवळपास निम्म्यावर आलं. हे उदाहरण मी मोठ्या आदराने देतो, तरी ते जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. दोन एकरवाल्या शेतकऱ्यावर खतवही सक्तीची करणं म्हणजे त्याच्या गळ्यात आणखी एक कागद बांधणं.

कायद्याचा रस्ता तर याहून अवघड आहे. आपला 1974 चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः नळातून, गटारातून, कारखान्याच्या मोरीतून बाहेर पडणारं पाणी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. शेताला मोरी नसते. अमेरिकेतल्या डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला नदीतलं नायट्रेट काढण्यासाठी 1991 पासून खास संयंत्र चालवावं लागतं. तिने 2015 मध्ये नदीच्या वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतल्या, शेतांचा निचरा सांभाळणाऱ्या मंडळांवर दावा लावला, आणि 2017 मध्ये तो निकालात निघाला. शेतकऱ्यांचा आणि शहराचा संबंध मात्र कडवट होऊन बसला. आपल्याकडे हे अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण वर्ध्याच्या त्या गावात विहीर दूषित करणारा आणि त्या विहिरीचं पाणी पिणारा एकच माणूस आहे. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काय साधणार? नदीकाठच्या शहरांनी आपला मैला न शुद्ध करता नदीत सोडायचा आणि दोष शेतकऱ्याच्या युरियाला द्यायचा, हा प्रकारही पंचगंगेच्या काठी आपण वर्षानुवर्षं पाहतो. 2012 मध्ये याच काठावरच्या इचलकरंजीत काविळीने माणसं दगावली, ती खतामुळे दगावली नव्हती. विषय शेतीचा असला तरी शहरांचा वाटा झाकण्यासाठी या पुस्तकाचा वापर होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एकेका शास्त्राने एकट्याने शोधलेला उपाय दुसरीकडे कसा त्रास देतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण ईरी सरोवराचं आहे. सांडपाणी आणि साबणांतलं फॉस्फरस कमी करून 1980 च्या दशकापर्यंत ते सरोवर बरंच सुधारलं होतं. पुढे जमिनीची धूप थांबावी म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांना नांगरट बंद करायला सांगितलं गेलं. धूप थांबली, मातीला चिकटून वाहणारं फॉस्फरस कमी झालं. पण न नांगरलेल्या जमिनीत वर फेकलेलं खत वरच राहिलं, पावसात विरघळून जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून सरोवरात गेलं. आणि विरघळलेलं फॉस्फरस शेवाळाला जास्त सोयीचं असतं. याला इतरही कारणं जोडली गेली. 2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराच्या नळाला शेवाळाचं विष आलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. कृष्णाकाठी आज क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकण्याचं काम जोरात चालू आहे. पिढ्यांचं नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी ते फार महत्त्वाचं आहे, आणि थांबवावं असं मी म्हणणार नाही. पण त्या पाइपांच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्यात मीठ किती याबरोबर नायट्रेट किती, हे आजच मोजायला लागलं पाहिजे. आयोवातल्या नद्यांमध्ये नायट्रेट जातं ते मुख्यतः अशाच नळ्यांतून.

या सगळ्याला जोडून पाहण्याची दृष्टी आपल्याला परदेशातून आणावी लागेल असं मुळीच नाही. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेणमूत पावसाबरोबर वाहून खालच्या शेतांना कसं मिळतं, रानं बंद झाल्याने ते कसं तुटलं, पाणी शेतात मुरून मग नाल्याला जावं म्हणून बांध कसे घालावेत, हे त्यांनी त्यात मांडलं आहे, आणि त्याच पुस्तकात सरकारी खाती, कर्ज, अज्ञान आणि जातही आहे. माती, पाणी आणि सत्ता यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला नाही. तेव्हा प्रश्न पोषणद्रव्यं शेताला न मिळण्याचा होता, आज तीच पाण्यात जादा होण्याचा आहे. पण पाणलोट तोच आहे, आणि त्याला खात्यांमध्ये वाटून बघण्याची खोडही तशीच.

या संग्रहात जे नाही तेही सांगायला हवं. तणनाशकांवर इथे लेख नाही. डवरणीला मजूर मिळत नाहीत म्हणून गेल्या काही वर्षांत कपाशीच्या आणि सोयाबीनच्या रानात तणनाशक किती वाढलं, हे कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर दिसतं. 2017 च्या फवारणीत यवतमाळमध्ये वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा कीटकनाशकांची चर्चा झाली आणि माणसाच्या श्वासापर्यंत येऊन थांबली. त्याच शिवारांतलं पाणी पुढे कोणी सातत्याने तपासलं नाही. तालुक्याच्या प्रयोगशाळेत या औषधांचे अंश मोजण्याची यंत्रं नसतात, आणि मोठ्या शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत एका नमुन्याचा खर्च गावाला झेपत नाही. आम्ही ज्या विहिरींचं नायट्रेट मोजलं, त्यांतल्याच काही विहिरींचे नमुने येत्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, तणनाशकांसाठी घ्यायचं ठरवलं आहे. ज्यांच्याकडे तशी यंत्रं आहेत आणि ज्यांना त्या आठवड्यात गावात येऊन राहता येईल, अशा रसायनशास्त्रज्ञांनी आम्हाला जरूर कळवावं.